निठारीची मुलं कोणी मारली? १९ वर्षांनंतर उरलेले तर्क

नोएडाच्या सेक्टर ३१ मध्ये, निठारी गावाला लागून, डी-५ नावाची एक दुमजली कोठी आहे. तिच्या मागे एक अरुंद मोकळी पट्टी आहे. एका बाजूला कोठ्यांच्या मागच्या भिंती, दुसऱ्या बाजूला जलनिगमचं आवार. पुढच्या अंगाला नाला. २९ डिसेंबर २००६ ला या पट्टीतून आणि नाल्यातून कवट्या, हाडं, लहान मुलांचे कपडे आणि चपला निघायला लागल्या. त्याच आठवड्यात देशभरच्या वाहिन्यांनी गुन्हेगार ठरवूनही टाकले. घरमालक मोनिंदरसिंग पंढेर आणि घरगडी सुरेंद्र कोली. मराठी पेपरांनाही ‘नरपिशाच्च’ हा शब्द सापडायला दोन दिवस लागले नाहीत.

११ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने कोलीला शेवटच्या खटल्यातूनही निर्दोष सोडलं. पंढेर त्याआधीच, २०२३ मध्ये सुटला होता. म्हणजे आज कायद्याच्या हिशेबाने निठारीच्या मुलांचा मारेकरी कोण, याचं उत्तर कोरं आहे. मुलं होती, मेली, त्यांची हाडं मिळाली, डीएनएवरून ओळखही पटली. मारलं कोणी ते मात्र ठरलेलं नाही.

हा निकाल आला तेव्हा ओळखीच्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, ‘त्याने तर स्वतः कबूल केलं होतं ना? मग सुटला कसा?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर समजलं तर निठारीबद्दलचे सगळे तर्क कुठे उभे राहतात आणि कुठे लंगडतात, तेही समजतं. म्हणून आधी तिकडेच वळू.

गाव आणि कोठ्या

निठारी हे मूळचं गाव. नोएडा वसलं तसं ते सेक्टरांच्या मधोमध अडकलं. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं तिथे भाड्याच्या खोल्यांत राहायची. बाया आसपासच्या कोठ्यांत धुणंभांडी करायच्या, पुरुष रिक्षा ओढायचे, मजुरी करायचे. २००५ पासून इथली मुलं हरवू लागली. आईबाप चौकीत जायचे आणि ‘पळून गेली असेल’, ‘कुणाबरोबर तरी गेली असेल’, ‘येईल परत’ असली उत्तरं घेऊन यायचे.

प्रकरण फुटलं ते एका तरुण मुलीमुळे. ती मे २००६ मध्ये बेपत्ता झाली. तिच्या वडिलांना एफआयआर नोंदवून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. मग तिच्या मोबाइलचा माग निघाला आणि तो माग पोलिसांना डी-५ पर्यंत घेऊन आला. लहान मुलांसाठी कुणी माग काढलाच नव्हता. मुलांच्या खिशात मोबाइल नव्हते, एवढंच.

एकूण १९ गुन्हे नोंदले गेले, त्यातल्या १६ मध्ये आरोपपत्र गेलं. जानेवारी २००७ मध्ये तपास सीबीआयकडे आला. कोली आणि पंढेर दोघांना गांधीनगरला नेऊन नार्को चाचणी, म्हणजे औषधाच्या गुंगीत प्रश्न विचारण्याची चाचणी, केली. (पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की माणसाच्या संमतीशिवाय अशी चाचणी घटनाबाह्य आहे.) १ मार्च २००७ ला दिल्लीत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कोलीचा कबुलीजबाब झाला. त्यात खून होते, मृतदेहांची विटंबना होती, मांस खाल्ल्याच्या गोष्टी होत्या. देशाच्या डोक्यात निठारी म्हणून जे बसलंय ते बहुतेक सगळं या एका कागदातून आलेलं आहे. हाडं पट्टीत मिळाली हे खरं, पण ‘घरात काय घडलं’ याचा जवळजवळ सगळा तपशील कबुलीजबाबाचा.

कडब्याच्या गंजीचा नियम

आता कायद्याचं एक सोपं गणित बघू. समजा, गावात कुणाचं मंगळसूत्र चोरीला गेलं. पोलिसांनी एकाला धरलं. तो ठाण्यात म्हणाला, ‘हो, मीच चोरलं.’ या वाक्याची कोर्टात किंमत शून्य. पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे पुरावा धरत नाहीत. ठाण्यात कबुली कशी निघते हे इंग्रजांनाही माहीत होतं आणि आपल्यालाही आहे.

पण तोच माणूस म्हणाला, ‘कडब्याच्या गंजीत लपवलंय, चला दाखवतो,’ आणि गंजीतून मंगळसूत्र निघालं, तर तेवढं वाक्य ग्राह्य धरतात. जुन्या पुरावा कायद्याचं हे कलम २७. तर्क असा की ही माहिती फक्त याच्याकडेच होती, ती खरी निघाली, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. त्यासाठी तो काय म्हणाला ते आधी पंचांसमोर लिहून घ्यावं लागतं. मग त्याने पुढे चालायचं, पोलीस आणि पंच मागून. आपल्याकडे याला निवेदन पंचनामा म्हणतात आणि खालच्या कोर्टात अर्धी उलटतपासणी याच्याच भोवती फिरते. ‘किती वाजता लिहिलं? गाडीत कोण कुठे बसलं होतं? आधी कोण उतरलं?’ ऐकणाऱ्याला ही कटकट वाटते, पण सगळा खटला त्या कटकटीवर तोललेला असतो.

आता समजा, आरोपी यायच्या आधीच सगळ्या गावाला ठाऊक होतं की गंजीत काहीतरी आहे आणि अर्धी गंजी उपसूनही झाली होती. मग ‘मी दाखवतो’ याला काय अर्थ उरला?

निठारीत हेच झालं. कोलीने अमुक सांगितलं, म्हणून तमुक सापडलं, असं त्याच वेळी लिहिलेलं निवेदन कोर्टात सिद्ध झालं नाही. पट्टीत हाडं आहेत हे पोलिसांना आणि लोकांना आधीच ठाऊक होतं, तो तिथे पोचण्यापूर्वीच खणायला सुरुवात झाली होती, असं पुराव्यातून पुढे आलं. पट्टी काही त्या कोठीच्या कुलपातली नव्हती, तिथे इतरांनाही जाता येत होतं. त्यात अजून एक गंमत. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द नाही. सुरुवातीच्या कागदांत जागा दाखवणारे दोघे होते, पंढेर आणि कोली. दिवस जाता जाता दाखवणारा एकटा कोली उरला.

राहिला दंडाधिकाऱ्यांपुढचा कबुलीजबाब. तो ग्राह्य असतो, पण स्वेच्छेने दिलेला असला तरच. दंडाधिकाऱ्याने आरोपीला सांगायचं असतं की बोलायची सक्ती नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. त्याला विचार करायला वेळ द्यायचा असतो, मारहाण झाली का ते विचारायचं असतं. इथे माणूस सलग ६० दिवस पोलीस कोठडीत होता. वकिलाची मदत नावापुरतीही म्हणता येणार नाही अशी. जबाब चालू असताना तपास अधिकाऱ्याचा वावर जवळपासच. आणि त्या जबाबाच्या मजकुरातच शिकवल्याचे, छळाचे उल्लेख पुन्हा पुन्हा येतात. ज्या कागदावर फाशी दिली गेली, त्याच कागदात ‘मला पढवलंय’ अशा अर्थाच्या ओळी होत्या आणि वर्षानुवर्षं त्या कुणी मनावर घेतल्या नाहीत. मला या सगळ्या प्रकरणात याहून अस्वस्थ करणारं दुसरं काही वाटत नाही.

पहिला तर्क: एकटा घरगडी

सरकारी पक्षाचा हाच तर्क होता. अल्मोडा जिल्ह्यातून आलेला, कमी शिकलेला नोकर. मालक घरी नसताना मुलांना फाटकातून आत बोलवायचा, मारायचा, तुकडे करून मागे टाकायचा. साधी, सरळ, सुटसुटीत गोष्ट.

ती कबुलीजबाबावर उभी होती. तो बाजूला काढला की भिंती हलतात. इतके खून आणि मृतदेहांचे तुकडे एकाच घरात झाले असतील तर रक्त कुठेतरी राहणारच. फरशीच्या सांध्यांत, मोरीच्या जाळीखाली, दाराच्या चौकटीत. कितीही धुतलं तरी थोडंफार राहतं, आणि डोळ्यांना न दिसणारं रक्तही रसायनांनी दिसतं. तज्ञांच्या पथकांनी घर तपासलं, पण इतक्या हत्यांशी जुळतील असे माणसाच्या रक्ताचे डाग किंवा अवशेष आत मिळाले नाहीत. सुरी आणि कुऱ्हाड कोर्टात आली, पण त्यांच्यावर रक्त, केस, मांस असल्याचा पुरावा नव्हता. मृतदेह ज्या सफाईने कापलेले सांगितले जात होते, ते वैद्यकाचा गंध नसलेल्या माणसाला कसं जमलं, यालाही सरकारी पक्षाकडे पटण्याजोगं उत्तर नव्हतं.

‘पण डीएनए जुळला होता!’ हो, जुळला. हैदराबादच्या प्रयोगशाळेने हाडांचा आणि आईबापांचा डीएनए ताडून पाहिला आणि बऱ्याच मुलांची ओळख पटली. त्यावरून हे हाड कोणाच्या मुलाचं ते कळतं. ते कुणी कापलं, कुठे कापलं, हे त्यातून कळत नाही. बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची सर्रास गल्लत झाली आणि ‘डीएनए पुरावा आहे’ हे वाक्य खुनाच्या पुराव्यासारखं फिरत राहिलं.

याचा अर्थ कोलीने काही केलंच नाही, असं कोर्टाने छातीठोकपणे सांगितलं असा घ्यायचा का? फौजदारी कायद्यात कोर्टापुढे प्रश्न एवढाच असतो की सरकारने सिद्ध केलं का. नाही केलं, तर तो माणूस निर्दोष. मनात संशय ठेवायला कुणी बंदी केलेली नाही, पण त्या संशयावर तुरुंग चालवता येत नाही.

दुसरा तर्क: मालक

लोकांचा राग पहिल्यापासून पंढेरवर जास्त होता. पैसेवाला, ओळखीपाळखीचा, घरात पार्ट्या, बायकांची ये-जा. ‘नोकराला पुढे केलं आणि मालक सुटला’ हे वाक्य निठारीच्या गल्लीत तेव्हापासून आहे. सीबीआयने त्याच्यावर खुनाचा ठपका ठेवलाच नव्हता, खालच्या कोर्टाने त्याला आरोपी करून घेतलं. १३ फेब्रुवारी २००९ ला गाझियाबादच्या विशेष न्यायालयाने एका १४ वर्षांच्या मुलीच्या खुनात दोघांनाही फाशी सुनावली. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंढेरला त्यातून सोडलं, कारण ती मुलगी बेपत्ता झाली तेव्हा तो ऑस्ट्रेलियात होता.

परदेशात असण्याचा पुरावा एका तारखेपुरता चालतो, सगळ्या तारखांना नाही, हे खरं. पण उरलेल्या खटल्यांतही त्याच्याविरुद्ध ठोस असं काही उभं राहिलं नाही. वाईट चालीचा माणूस आणि खुनी माणूस यांत फरक असतो, आणि तो फरक पुराव्याने ओलांडायचा असतो.

तिसरा तर्क: अवयवांचा धंदा

हा तर्क सर्वांत चिवट आहे आणि तो फक्त चहाच्या टपरीवरचा नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नेमलेल्या समितीनेच सुचवलं होतं की अवयवांच्या व्यापाराची बाजू नीट तपासा. १६ ऑक्टोबर २०२३ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने कोलीला १२ आणि पंढेरला २ खटल्यांत सोडलं, तेव्हा यंत्रणांना सुनावलं ते याच मुद्द्यावर. गरीब नोकराला राक्षस ठरवून मोकळं व्हायचा सोपा रस्ता तुम्ही धरला, आणि संघटित अवयव व्यापाराची गंभीर शक्यता तशीच सोडून दिली, असा त्याचा आशय.

मला स्वतःला हा तर्क फारसा पटत नाही. मूत्रपिंड शरीराबाहेर थंडाव्यात साधारण दीड दिवस टिकतं, हृदय चार-सहा तास. रक्तगट जुळावा लागतो. दोन टोकांना शस्त्रक्रियेची खोली, सर्जन, भूल देणारा डॉक्टर, आणि घेणारा रुग्ण तयार असावा लागतो. हे कोठीच्या मोरीत होत नाही. शिवाय जानेवारी २००८ मध्ये गुडगावचं किडनी रॅकेट उघडकीला आलं, तिथे काय दिसलं? जिवंत मजुरांना फसवून, पैशांचं आमिष दाखवून किडन्या काढल्या जात होत्या. जिवंत गरीब माणूस इतका स्वस्त असताना खून करून, देह नाल्यात टाकून कोण जोखीम घेईल?

पण याच कारणांमुळे हा तर्क तपासायला सर्वांत सोपा होता, हे कुणी बोलत नाही. प्रत्यारोपण झालं असेल तर रुग्णालय असणार, नोंदी असणार, औषधांची बिलं असणार, महिनोन्महिने तपासणीला येणारा रुग्ण असणार. दोन महिने चार अधिकारी बसवले असते तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असं ठाम उत्तर मिळालं असतं. ते शोधलं गेलं नाही, म्हणून आज निठारीतल्या आईबापांना ‘असं काही नव्हतं’ हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

बालकांच्या अश्लील चित्रफितींचा संशयही सुरुवातीला खूप गाजला. त्यातून कोर्टात टिकेल असं काही निघालं नाही. नरबळी, तंत्रमंत्र वगैरे तर प्रत्येक प्रकरणाला चिकटतंच.

एका शक्यतेची चर्चा मात्र फारच कमी झाली. ती पट्टी आणि तो नाला डी-५ च्या मालकीचे नव्हते. टाकणारा दुसऱ्याच घरातला, किंवा बाहेरचा असू शकत होता. टाकणारा एकच होता की अनेक, हेही ठरलेलं नाही. अशा वेळी आजूबाजूच्या प्रत्येक घराची, प्रत्येक नोकराची, ड्रायव्हरची झडती घ्यायची असते. कोणतं हाड कुठल्या थरात मिळालं, कोणती चप्पल त्याच्या शेजारी होती, याचा दोरीने चौकोन आखून नकाशा करायचा असतो. डिसेंबरच्या त्या दिवशी तिथे गर्दी होती, फावडी होती, कॅमेरे होते.

एकच कागद, दोन निकाल

आता कायद्यातलं त्रांगडं. १४ वर्षांच्या मुलीच्या त्या खटल्यात कोलीची फाशी सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०११ ला कायम केली होती. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. सप्टेंबरमध्ये मेरठच्या तुरुंगात फाशीची तयारी झाली आणि मध्यरात्री न्यायाधीशांच्या दारात जाऊन वकिलांनी स्थगिती मिळवली. पुनर्विचार याचिका ऑक्टोबरात फेटाळली गेली. जानेवारी २०१५ मध्ये दयेच्या अर्जाला अवाजवी उशीर झाला म्हणून उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. (आपल्याकडे कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये याच कारणाने जन्मठेपेत बदलली. फरक एवढा की त्या खटल्यात गुन्ह्याबद्दल शंका उरली नव्हती.)

मग २०२३ मध्ये उरलेल्या १२ खटल्यांत तोच कबुलीजबाब, तीच पट्टी, तेच पंचनामे तपासून उच्च न्यायालय म्हणालं, यात काही राम नाही. ३० जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची सगळी अपिलं फेटाळली. म्हणजे एकच कबुलीजबाब १२ खटल्यांत अविश्वसनीय आणि तेराव्यात विश्वसनीय! त्या तेराव्यावर माणूस आत.

तो खटला सर्वोच्च न्यायालयात संपलेला होता, पुनर्विचारही संपला होता. मग एकच खिडकी उरते, क्युरेटिव्ह पिटिशन. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ती स्वतःच तयार केली, आपलीच अंतिम चूक दुरुस्त करण्यासाठी. ती मान्य होणं म्हणजे दुर्मिळातलं दुर्मीळ. मुंबईचे वकील युग मोहित चौधरी कोलीच्या बाजूने उभे होते. तेव्हाचे सरन्यायाधीश, अमरावतीचे भूषण गवई, न्यायमूर्ती सूर्य कांत आणि विक्रम नाथ यांच्या पीठाने याचिका मान्य केली. सारख्या पुराव्यावर दोन उलटे निकाल उभे राहू शकत नाहीत, असं पीठाने म्हटलं. आणि इतका लांबलेला तपास होऊनही खरा गुन्हेगार कोण हे ठरलं नाही, याबद्दल खेद नोंदवला. कोली जवळपास १९ वर्षांनी बाहेर आला.

निठारीनंतर एक गोष्ट बदलली. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचाच आणि अपहरण झालंय असं धरूनच तपास सुरू करायचा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेत दिला. आपल्या ठाण्यांत ‘नुसती मिसिंग नको, ३६३ लावा’ (म्हणजे अपहरणाचं कलम) असं जे म्हणायचे, ते हेच. २००५ मध्ये निठारीच्या चौकीत एखाद्या आईसाठी एवढं झालं असतं, तर पहिल्या-दुसऱ्या मुलालाच शोध सुरू झाला असता.

खुनाला मुदतीचा कायदा लागत नाही. उद्या नवा पुरावा मिळाला तर फाइल उघडता येते. पण उघडणाऱ्याच्या हाती काय लागणार? पट्टी तेव्हाच खणून झाली आहे आणि कोठी तपासणाऱ्यांच्या पायांखाली तुडवली गेली आहे. नीट जपलेलं आहे ते हैदराबादच्या अहवालात, कोणतं हाड कोणत्या आईबापाच्या लेकराचं एवढंच सांगणारं.